कुणाच्या नावे? गोठलेल्या जमिनीतल्या कार्बनचा हिशेब

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय आपल्याला. सायबेरिया, याकुत्स्क नावाचं गाव, साल १८२८.

तिथे फ्योदोर शेर्गिन नावाचा एक माणूस राहायचा. रशियन-अमेरिकन कंपनी म्हणून फरचा व्यापार करणारी एक मोठी कंपनी होती, तिचा हा याकुत्स्कमधला व्यवस्थापक. त्याला अंगणात विहीर हवी होती. बस, एवढीच गोष्ट. खणायला सुरुवात केली, तर माती दगडासारखी गोठलेली. अजून खाली गेले, तरी गोठलेली. आपल्याकडे पन्नास-साठ फुटांवर पाणी लागलं नाही, तर माणूस पाणाड्याला चार शिव्या घालून थांबतो. शेर्गिनही थांबणार होता. पण व्रांगेल नावाच्या, आर्क्टिक पालथं घातलेल्या एका नौदल अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की पाण्याचं राहू दे, विज्ञानासाठी खणत राहा. आणि हा पठ्ठ्या खणत राहिला! १८३७ पर्यंत. खोली झाली ११६ मीटर. एखादी अडतीस मजली इमारत उलटी करून जमिनीत घातली तर जेवढी जाईल, तेवढी. पाणी लागलं नाही ते नाहीच. तळाशीही जमीन गोठलेलीच होती.

पुढे १८४४ मध्ये अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ हे संशोधक तिथे पोचले. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना पाठवलं होतं. त्यांनी विहिरीच्या भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर थर्मामीटर बसवले आणि वरपासून खालपर्यंत तापमान मोजलं. जिथे वर गवत उगवतं, झाडं वाढतात, त्या जमिनीखाली शंभर मीटरपर्यंत सगळं गोठलेलं असेल, हे तेव्हा युरोपातल्या बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं. या आकड्यांनंतर वाद घालायला फारसं काही उरलं नाही.

ही ११६ मीटरची विहीर लक्षात ठेवा. कॉम्प्युटर मॉडेल्सपाशी पोचलो की ती परत लागणार आहे.

आता मी या विषयाकडे कशी आले, ते सांगते. माझे आबा, म्हणजे आईचे वडील, सांगलीकडच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. मी पुण्यात बसून बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. काम तेच, फक्त पगार जास्त आणि झोप कमी. आपल्या मराठी हिशेबात डेबिटला ‘नावे’ म्हणतात, हे तुमच्यातल्या कॉमर्सवाल्यांना माहीत असेल. जमा आणि नावे. आबा म्हणायचे, “अगं, जमा करायला कुणीही पुढे येतं. नावे टाकायची वेळ आली की माणूस शोधावा लागतो.” आणि ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती जायची उचंत खात्यात. उचंत म्हणजे तात्पुरतं. धनी मिळेपर्यंत ती तिथे थांबणार.

गेल्या वर्षी मी हवामान कराराचे नियम वाचत होते. हो, हौस म्हणून, हसू नका. आणि मला असा एक कार्बन सापडला ज्याच्यासाठी देशांच्या वहीत साधं उचंत खातंही नाही. तो हवेत जातो, हवा तापवतो, पण नावे कुणाच्याच पडत नाही. तो येतो याच गोठलेल्या जमिनीतून. आजचा एपिसोड त्या वहीचा इतिहास आहे.

आधी नावाबद्दल थोडं. या जमिनीला रशियनमध्ये ‘वेचनाया मेर्झलोता’ म्हणतात. वेचनाया म्हणजे चिरंतन. १९२७ मध्ये मिखाईल सुमगिन या संशोधकाने या विषयावर मोठं पुस्तक लिहिलं, त्यानंतर हा शब्द शास्त्रात पक्का झाला. ‘चिरंतन’ म्हणणं योग्य आहे का, यावर तेव्हाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञांमध्येही खडाजंगी झाली होती. पण शब्द टिकला. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने अलास्काकडे जाणारा हायवे घाईघाईत, आठेक महिन्यांत काढला. बुलडोझरने वरचं शेवाळ आणि झाडोरा खरवडला की खालची जमीन ऊन लागून विरघळायची आणि ट्रक चिखलात रुतायचे. शेवाळ म्हणजे त्या जमिनीची गोधडी होती, हे गोधडी काढल्यावर कळलं. लष्कराला आता रशियन ज्ञान इंग्रजीत हवं होतं. हे काम केलं स्टॅनफर्डच्या सायमन म्युलर या भूगर्भशास्त्रज्ञाने. त्याचा जन्म रशियातला, भाषा अवगत. प्रत्येक वेळी लांबलचक शब्द लिहायला नको म्हणून त्याने १९४३ च्या अहवालात एक सुटसुटीत शब्द बनवला, पर्माफ्रॉस्ट. म्हणजे पर्मनंट फ्रॉस्ट.

शास्त्रीय व्याख्या फार साधी आहे. सलग दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. दोन वर्षं! चिरंतन वगैरे काही नाही. पण नाव एकदा चिकटलं की मनात घर करतं. जवळजवळ शंभर वर्षं पर्माफ्रॉस्ट हा इंजिनिअरांचा विषय राहिला. इमारत खांबांवर उचला, खालून थंड हवा खेळू द्या, जमीन गोठलेली ठेवा. रशियाचा दोन-तृतीयांश भाग या जमिनीवर आहे, त्यामुळे तिथे यावर स्वतंत्र संस्था निघाल्या, शहरं उभी राहिली. जमीन इमारतीला काय करेल, हे सगळे विचारत होते. जमिनीच्या आत काय आहे, हे फार थोडे जण विचारत होते.

आत काय आहे? हजारो वर्षांची न कुजलेली मुळं, गवत, शेवाळ, प्राण्यांचे अवशेष. डीप फ्रीझरमध्ये मटार ठेवले आणि चार दिवस लाईट गेली तर काय होतं, ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारा. जमीन विरघळली की जिवाणू जागे होतात आणि खायला बसतात. हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी साचलेलं असेल, हवा पोचत नसेल, तर मिथेन.

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला, कोलिमा नदीकाठी चेर्स्की नावाचं छोटं गाव आहे. तिथे सर्गेई झिमोव्ह या संशोधकाने सोव्हिएत काळातच बस्तान बसवलं होतं. तिथल्या तळ्यांमधून हिवाळ्यातही मिथेनचे बुडबुडे निघतात, आणि तो मिथेन हजारो वर्षांपूर्वीच्या कार्बनपासून बनलेला आहे, असं तो नव्वदच्या दशकापासून सांगत होता. २००६ मध्ये झिमोव्ह, टेड शूर आणि टेरी चॅपिन यांचा एक छोटा लेख ‘सायन्स’मध्ये आला. विषय असा की जगाच्या कार्बनच्या हिशेबात पर्माफ्रॉस्ट धरलेला नाही, आणि तो धरावा लागेल. २००९ मध्ये कॅनडाच्या चार्ल्स टार्नोकाई आणि सहकाऱ्यांनी सगळी मोजणी एकत्र केली. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत सुमारे १,६७० अब्ज टन कार्बन आहे असा अंदाज निघाला. नंतरच्या अभ्यासांत तो थोडा खाली आला, पण ढोबळ चित्र तेच राहिलं. आत्ता सगळ्या वातावरणात मिळून जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट त्या जमिनीत आहे.

तारखा पाहा. मोजणी आली २००९ मध्ये. जगाने हिशेबाची वही आखली होती १९९२ मध्ये.

आता वहीकडे येऊ. हा भाग थोडा किचकट आहे, पण खरी मेख इथेच आहे, तेव्हा रिकाम्या बसमध्ये असाल तर उत्तम.

१९९२ मध्ये रिओमध्ये संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार झाला. त्यात प्रत्येक देशाने आपल्या उत्सर्जनाची यादी द्यायची असं ठरलं. कुठल्या उत्सर्जनाची? मानवनिर्मित. हा एक शब्द म्हणजे त्या वहीचा रकाना. आणि तो बरोबरच होता. करार जबाबदारीबद्दल होता. ज्वालामुखीचं बिल कुणाला पाठवणार? वीज केंद्र, गाडी, सिमेंटची भट्टी यांच्या बाबतीत धनी कोण, ते कळतं.

घोटाळा झाला जमिनीपाशी. जंगल कार्बन शोषतं. ते माणसाने लावलं म्हणून शोषतं, की आपोआप? आग लागली ती माणसामुळे की वीज पडून? १९९७ च्या क्योटो करारानंतर हा वाद इतका चिघळला की नोव्हेंबर २००० मध्ये हेगची परिषद त्यावरच मोडली. युरोपचं म्हणणं, ज्यांच्याकडे अफाट जंगलं आहेत ते देश कारखान्याचा धूर तसाच ठेवतील आणि झाडांची जमा दाखवून मोकळे होतील. अमेरिका, कॅनडा, जपान यांना ती जमा हवी होती. पुढच्या वर्षी मराकेशमध्ये तडजोड झाली. प्रत्येक देशाला जंगलांमधून किती जमा धरता येईल, याची कमाल मर्यादा ठरली. रशियाला आधी वर्षाला १७.६३ दशलक्ष टन कार्बनची मर्यादा देऊ केली होती. रशियाने हात आखडता घेतला. मराकेशमधून निघताना तो आकडा ३३ दशलक्ष टन झालेला होता. रशियाशिवाय क्योटो करार अमलातच येत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे बघा, ११६ मीटर खोल गोठलेली जमीन ज्या देशात आहे, त्याच देशाशी जंगलाच्या जमेवर बाजारातल्यासारखी घासाघीस चालू होती. आणि त्या जंगलाच्या बऱ्याच भागाखाली काय आहे, हा विषय टेबलावर नव्हता.

मग नियम लिहिणाऱ्यांनी एक कुंपण घातलं. आयपीसीसी ही हवामानाची आंतरशासकीय समिती देशांना हिशेब कसा लिहायचा याचं पुस्तक देते. त्यात २००३ मध्ये आणि नंतर २००६ मध्ये पद्धत पक्की झाली. जमिनीचे दोन भाग करा. ज्या जमिनीवर माणूस काहीतरी करतो, तिचं व्यवस्थापन करतो, ती एका बाजूला. तिथे जे होईल ते सगळं मानवनिर्मित समजा, खोलात जाऊ नका. बाकीची जमीन, जिला कुणी हात लावत नाही, ती दुसऱ्या बाजूला. तिथे जे होईल ते नैसर्गिक. ते कळवायची गरज नाही.

सॉफ्टवेअर लिहिणारी म्हणून सांगते, हा चांगला तोडगा होता. प्रत्येक झाडाखाली वकील बसवण्यापेक्षा एक सोपी अट. आणि हेतूही चांगला होता. रानटी जंगलाची फुकटची जमा कुणी लाटू नये. पण कुंपण दोन्ही बाजूंनी अडवतं ना! निसर्गाची जमा आत येऊ नये म्हणून घातलेल्या त्या कुंपणाने निसर्गाची नावेही बाहेरच ठेवली. टुंड्रा, सायबेरियाचा उत्तर भाग, अलास्काचा आणि कॅनडाचा मोठा हिस्सा, सगळं कुंपणाबाहेर. तिथे जमीन विरघळली, कार्बन सुटला, तर तो कुठल्याही देशाच्या वहीत येत नाही. कुणी लबाडी केली म्हणून नव्हे. कोडमध्ये ती केसच लिहिलेली नाही.

बरं, कुंपण कुठे घालायचं हे देशच ठरवतात. आपलं जंगल ‘व्यवस्थापित’ आहे असं मोठ्या हाताने जाहीर केलं की तिथे झाडं आपोआप जे शोषतात तेही जमा दाखवता येतं. शास्त्रज्ञांचा जागतिक हिशेब आणि देशांनी दिलेल्या हिशेबांची बेरीज यांत यामुळे वर्षाला काही अब्ज टनांचा फरक पडतो. जमा करायला कुणीही पुढे येतं. आबांचं वाक्य.

एक उदाहरण देते. हे थेट पर्माफ्रॉस्टचं नाही, पण शेजारचंच आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडाची जंगलं जळाली. सुमारे १.५ कोटी हेक्टर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरच्या थोडं वर आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. उपग्रहांच्या मोजणीवरून त्या आगींतून सुमारे ६४७ दशलक्ष टन कार्बन बाहेर पडला, असा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्या वर्षी जीवाश्म इंधनांतून याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच, चीन, अमेरिका आणि भारत. कार्बन डायऑक्साइडमध्ये बदललं तर हे कॅनडाच्या अधिकृत वार्षिक उत्सर्जनाच्या तिपटीहून जास्त होतं. पण कॅनडाच्या ठळक आकड्यात हे दिसत नाही. आगीचा काही भाग कुंपणाबाहेर, आणि आतल्या भागातली आग ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून वेगळी काढलेली. नियमाला धरूनच. आणि उत्तरेकडे आग लागते तेव्हा वरचं शेवाळही जळतं. तीच ती गोधडी. मग पुढची कितीतरी वर्षं खालची जमीन विरघळत राहते.

आता दुसरी वही. शास्त्रज्ञांची. कारण देशांच्या वहीत नसलं तरी शास्त्रज्ञांनी हे धरलं असेलच, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

हवामानाची मॉडेल्स म्हणजे लाखो ओळींचा कोड, बराचसा फोर्ट्रानमध्ये. ज्यांनी जुन्या कोडला हात लावलाय त्यांना माझी सहानुभूती कळेल. २००५ मध्ये डेव्हिड लॉरेन्स आणि अँड्र्यू स्लेटर या दोन अमेरिकी संशोधकांनी एका आघाडीच्या मॉडेलने हिशेब केला आणि म्हटलं की या शतकाच्या अखेरीपर्यंत वरच्या थरातला बहुतेक पर्माफ्रॉस्ट जाईल. खळबळ उडाली. टीकाही झाली. कारण त्या मॉडेलमधली जमीन साडेतीन मीटर खोलीवर संपत होती. त्याखाली काही नाहीच! शेर्गिनच्या मजुरांनी १८३७ मध्ये ११६ मीटर खणून ठेवलं होतं, आणि २००५ च्या सुपरकॉम्प्युटरमध्ये जमीन साडेतीन मीटर. खालचा थंड साठाच नसेल तर वरचा थर भराभर विरघळणारच. लॉरेन्स यांनी टीका मनावर घेतली, मॉडेलमधली जमीन चाळीस-पन्नास मीटरपर्यंत खोल केली, तेव्हा विरघळण्याचा वेग कमी आला. मला ही गोष्ट फार आवडते. चूक निघाली, कोड बदलला, आकडा बदलला. विज्ञान असंच चालतं.

पण हे झालं तापमानाचं. विरघळल्यावर सुटणारा कार्बन ही पुढची पायरी, ती मॉडेल्समध्ये यायला आणखी वेळ लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोहाच्या हवामान परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने एक अहवाल ठेवला. केविन शेफर त्याचे प्रमुख लेखक. अहवालात सरळ सांगितलं होतं की तुम्ही ज्या अंदाजांवर वाटाघाटी करताय, त्यांत पर्माफ्रॉस्टचा कार्बन नाही. २०१३ मध्ये आयपीसीसीचा पाचवा अहवाल आला. तो ज्या मॉडेल्सवर उभा होता, त्यांच्यात हा कार्बन नव्हता. २०१५ चा पॅरिस करार त्याच पायावर झाला. दीड अंश, दोन अंश, हे सगळे आकडे तेव्हाचे.

वजावट पहिल्यांदा ठळकपणे दिसली २०१८ मध्ये, दीड अंशाच्या विशेष अहवालात. तिथे एक वाक्य आलं की पर्माफ्रॉस्ट आणि पाणथळ जागांमधल्या मिथेनमुळे उरलेलं कार्बन बजेट शतकभरात १०० अब्ज टनांपर्यंत कमी होऊ शकतं. २०२१ च्या सहाव्या अहवालात हे बजेटच्या हिशेबात नीट धरलं गेलं. अंदाज असा की तापमान एक अंश वाढलं तर शतकाच्या अखेरीपर्यंत पर्माफ्रॉस्टमधून साधारण १८ अब्ज टन कार्बन सुटेल. पण पल्ला बघा, ३ पासून ४१ पर्यंत. एवढी ताणाताण असलेला आकडा मी कामावर दिला तर मला परत पाठवतील. त्या वेळी तपासलेल्या ११ मुख्य मॉडेल्सपैकी फक्त २ मॉडेल्समध्ये पर्माफ्रॉस्टचा कार्बन होता, आणि त्या दोघांचा जमिनीचा भाग एकाच कोडवर आधारलेला. शिवाय त्यांत जमीन हळूहळू, वरून खाली विरघळते. प्रत्यक्षात बर्फ वितळून जमीन अचानक खचते, दरड कोसळते, रातोरात तळं तयार होतं. ते त्यांत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण रील्सवर ‘मिथेन बॉम्ब’ म्हणून बराच माल फिरतोय. बॉम्ब नाही. १८ अब्ज टन कार्बन म्हणजे सुमारे ६६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. माणूस वर्षाला साधारण ४० अब्ज टन सोडतो. म्हणजे प्रत्येक अंशामागे आपल्या दीड-पावणेदोन वर्षांच्या उत्सर्जनाएवढं. ते एका रात्रीत सुटत नाही, दशकानुदशकं झिरपतं. जगबुडी नाही. पण न संपणारा ईएमआय आहे, आणि आपण कोळसा थांबवला तरी तो लगेच थांबत नाही.

मग तो कोण भरतंय?

बजेट म्हणजे काय, तर दीड अंशाच्या आत राहण्यासाठी जगाकडे उरलेली रक्कम. २०२० च्या सुरुवातीला पन्नास टक्के शक्यतेसाठी ती ५०० अब्ज टन होती. २०२५ च्या सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या एका गटाने काढलेला आकडा १३० अब्ज टन. आत्ताच्या वेगाने तीनेक वर्षं. पर्माफ्रॉस्टची वजावट याच उरलेल्या रकमेतून होते. खर्च झालेल्या रकमेतून वजावट करता येत नाही, उघड आहे. आणि खर्च कुणी केला? जीवाश्म इंधनांच्या आजवरच्या एकूण उत्सर्जनात भारताचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे, तर एकट्या अमेरिकेचा सुमारे पाव. म्हणजे ज्यांनी आधी ताटभर वाढून घेतलं, त्यांना ही तूट लागत नाही. पंगतीत शेवटी बसलेल्यांच्या ताटातून ती जाते. गोठलेली जमीन विरघळली त्यांच्यामुळे, कमी वाढलं जातंय आपल्याला. देशांच्या वहीत नावे न टाकलेली रक्कम नाहीशी होत नाही. ती न विचारता सगळ्यांवर पसरली जाते, आणि ज्यांची गरज अजून बाकी आहे त्यांना जास्त लागते.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे रशिया, कॅनडा आणि अमेरिकेच्या नावे टाका, जमीन त्यांची आहे. मला हे पटत नाही. अलास्कात न्यूटॉक नावाचं युपिक लोकांचं गाव होतं. खालची जमीन विरघळत गेली, नदी काठ खात गेली, आणि वर्षानुवर्षांच्या धडपडीनंतर २०२४ च्या शरद ऋतूत शेवटची माणसं मर्टार्विक या नव्या गावी गेली. त्या गावाने असा किती कार्बन जाळला होता? जमीन जिथे आहे तो धनी, हा नियम लावला तर ज्याचं घर बुडालं त्यालाच पुराचं बिल जाईल. जमीन कुणामुळे विरघळली हे विचारायला हवं, आणि ते उत्तर आजवरच्या उत्सर्जनाच्या आकड्यांमध्ये आहे.

मला विचाराल तर पहिली पायरी साधी आहे. एक उचंत खातं उघडा. कुठल्याही देशाच्या माथी न मारता, पण दर पाच वर्षांनी पॅरिस करारातला जो जागतिक आढावा होतो त्यात एक वेगळी ओळ. कुंपणाबाहेरच्या जमिनीतून इतकं आलं, बस. नावे कुणाच्या टाकायचं यावर भांडण होईल, होऊ दे. आबांच्या पतसंस्थेत ३१ मार्चला उचंत खात्यातली प्रत्येक रक्कम वाचून दाखवायची पद्धत होती. धनी सापडो न सापडो, आकडा सगळ्या संचालकांच्या कानावर पडायचा. पुढचा जागतिक आढावा २०२८ मध्ये आहे.

अडचण एकच, ओळ लिहायला आकडा लागतो. जगातला सर्वात मोठा पर्माफ्रॉस्ट रशियात, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून तिथल्या केंद्रांशी पाश्चात्त्य संशोधकांचं सहकार्य बहुतेक तुटलंय. झिमोव्हच्या चेर्स्कीसकट. आर्क्टिकचं चित्र आता सायबेरिया वगळून काढलं जातंय आणि त्यामुळे ते एका बाजूला झुकतं, असं २०२४ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं. भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून स्वालबार्डमध्ये नी-ऑलेसुंड इथे आहे. ते चालवणारी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. त्याच गावाजवळ जर्मन संशोधक १९९८ पासून गोठलेल्या जमिनीचं तापमान मोजतायत. भारताने २०२२ मध्ये आर्क्टिक धोरणही जाहीर केलं. उरलेल्या बजेटवर ज्या देशाचा एवढा हक्क अडकलाय, त्याने वजावटीचा आकडा स्वतः मोजायला हवा असं मला वाटतं. बिल तपासायला मीटर आपला लागतो.

आणि आकडे यायला लागलेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं आर्क्टिकचं वार्षिक प्रगतिपुस्तक आलं. त्यात म्हटलं होतं की आगी धरल्या तर आर्क्टिक टुंड्रा आता कार्बन डायऑक्साइड शोषण्याऐवजी बाहेर सोडते आहे. हजारो वर्षं जी जमीन साठवत होती, ती. मी तो अहवाल वाचून आबांच्या जुन्या खतावणीचा फोटो काढला, रकाने नीट बघायला. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं ‘उचंत’. पेन्सिलने का, ते कधी विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वेळी न्यूटॉकची गोष्ट सविस्तर सांगते, गाव हलवायला एवढी वर्षं का लागली ते. तोवर भेटू!